पंगतीतली ज्वारी

२०१७ साली मातृत्व रजेचा कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. बाळाला आईच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू करायचं वयही सहा महिन्यांचंच. त्या रजेतले काही आठवडे बाळंतपणाआधीच संपतात, त्यामुळे अनेक घरांत आई कामावर परतते तेव्हा बाळ चार-पाच महिन्यांचं असतं. जिथे दिवसभर घरी थांबणारे आजी-आजोबा नाहीत, तिथे मऊ भाताचा पहिला घास आणि नाचणीच्या पेजेचा पहिला चमचा पाळणाघरातल्या काकूच भरवतात.

ही पाळणाघरं मोठ्या पाट्या लावलेल्या संस्था नव्हेत. ठाणे, डोंबिवली, नाशिक, पुण्याचं कोथरूड-वारजे अशा ठिकाणी, इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एक काकू आणि मदतीला एक मावशी सहा, आठ, कधी दहा मुलं सांभाळतात. सगळ्यांत धाकटं अजून रांगत असतं, सगळ्यांत मोठं शाळा सुटल्यावर दप्तर टाकून येतं. सकाळी नऊला आलेलं मूल संध्याकाळी सातला घरी जातं. दहाचा खाऊ, साडेबाराचं जेवण, चारचं खाणं सगळं तिथेच होतं. तरीही मुलांच्या आहारावर कुठेही बोलणं निघालं, की ते ‘आईनं काय द्यावं’ इथून सुरू होतं आणि तिथेच संपतं. दिवसाचे तीन वेळचे घास जिच्या हातून जातात, तिला कुणी विचारत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, कोंड्यासकटचा गहू आणि तांदूळ लहान मुलांच्या ताटात परत यायला हवे असतील, तर त्यासाठी पाळणाघरासारखी दुसरी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी ही धान्यं कशासाठी, ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांतल्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम मैद्यात तंतू पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आहेत, कणकेत सव्वाअकरा ग्रॅमच्या वर. पांढऱ्या सडलेल्या तांदळात पुन्हा पावणेतीन, ज्वारीत दहा, बाजरीत आणि नाचणीत अकरापेक्षा जास्त. लोह पाहिलं तर १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही आणि बाजरीत सहापेक्षा जास्त आहे. नाचणीतलं कॅल्शियम १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एवढं मूल फार तर २५ ग्रॅम नाचणी खाईल, म्हणजे ९० मिलिग्रॅम. त्यातलं सगळं अंगी लागत नाही, पण चार चमचे पिठातून एवढं देणारं दुसरं धान्य आपल्याकडे नाही.

आणि गरज किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५३.८ होता. ही सगळी गरिबाघरची मुलं नाहीत. पगारदार घरांत, दूध आणि बिस्किटांवर वाढणारी मुलंही त्यात आहेत. नुसत्या ज्वारी-बाजरीनं रक्तक्षय जाणार नाही. त्याला डाळी, हिरव्या भाज्या, अंडी, मांस-मासे आणि वेळच्या वेळी डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध लागतं. पण रोजच्या ताटाचा अर्धा भाग धान्याचा असतो. तो अर्धा भाग मैद्याचा असावा की बाजरीचा, याला मोल आहे.

ज्वारी ताटातून का गेली, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. रेशनवर वर्षानुवर्षे गहू-तांदूळ मिळाला, पोळी प्रतिष्ठेची झाली, भाकरी थापणारे हात कमी झाले. १९७२च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या पिढीला ज्वारीच्या नावानं ती कडवट आठवणही होती. भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून पाळलं, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांना ‘श्रीअन्न’ म्हटलं गेलं. त्यातून दुकानांत पाकिटं आली. दोन वर्षांच्या मुलानं ती भाकरी खावी कशी, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पाळणाघरात हा प्रश्न डब्यापाशी सुरू होतो. आई-वडील सकाळी डबा देतात. एखाद्या आईनं हौसेनं, लवकर उठून ज्वारीची भाकरी केली आणि दुधात भिजवायची म्हणून डब्यात दिली, तर ती साडेबाराला उघडेपर्यंत ताठ झालेली असते. ज्वारीत गव्हासारखं चिवटपण देणारं ग्लुटेन नाही. उकळतं पाणी घालून पीठ मळलं की त्यातला स्टार्च फुगतो आणि त्याच्याच जोरावर भाकरी थापली जाते. गार होताना तोच स्टार्च घट्ट होत जातो. तव्यावरून उतरलेली पापुद्र्याची भाकरी आणि चार तासांनी डब्यातून निघालेली भाकरी हे मुलाच्या जिभेला दोन वेगळे पदार्थ असतात. मूल तो तुकडा तोंडातून बाहेर काढतं आणि घरी निष्कर्ष निघतो, ‘आमच्या बाळाला ज्वारी आवडत नाही.’ दुसऱ्या दिवसापासून डब्यात जॅम लावलेली पोळी, नूडल्स किंवा बिस्किटं येतात. मुलानं ज्वारी नाकारलेलीच नसते. गार, कडक भाकरी नाकारलेली असते. आईचं काही चुकलेलं नाही आणि मुलाचंही नाही.

याहून मोठी अडचण संध्याकाळी दारात उभी राहते. ‘डबा संपवला का?’ दिवसभर मूल दुरावलेलं असतं, त्यानं पोटभर खाल्लं असेल ना ही काळजी त्या प्रश्नात असते. पण काकूंच्या कामाचं मोजमाप त्या एका प्रश्नानं होतं. डबा रिकामा तर काकू चांगल्या. मग तो रिकामा करण्यासाठी मोबाइलवर गाणी लागतात, चिऊ-काऊचे घास भराभर तोंडात जातात, ‘भाकरी संपव, मग बिस्किट’ असा सौदा होतो. पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना हे चुकीचं आहे हे चांगलं कळतं. जिच्या अंगाखांद्यावर वर्षानुवर्षे मुलं वाढली, तिला भुकेनं रडणारं आणि हट्टानं रडणारं मूल ओळखता येतं. पण सात वाजता दारात उत्तर द्यायचं असतं.

या सौद्याचा परिणाम अभ्यासकांनी तपासलेला आहे. अमेरिकेतल्या लीअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर लहान मुलांच्या आवडीनिवडींवर काम केलं. बक्षीस म्हणून जो पदार्थ द्यावा त्याची गोडी वाढते, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. म्हणजे भाकरीनंतर बिस्किट दिलं की बिस्किटाची किंमत चढते आणि भाकरी ही बिस्किटाआधीची शिक्षा ठरते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप देऊन ‘संपव ना’ असा आग्रह केला गेला. आग्रह नव्हता तेव्हा मुलांनी अधिक सूप घेतलं. आग्रह होता तेव्हा कमी घेतलं, आणि सुपाला नावं ठेवली. ज्यांनी रोज आठ मुलांना जेवू घातलं आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

बर्च यांचा १९८०मधला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो थेट पाळणाघराच्या सतरंजीवर येऊन बसतो. एका मुलाला एक भाजी आवडते, दुसरी नाही. त्याला दुपारच्या जेवणाला अशा तीन-चार मुलांबरोबर बसवलं, की ज्यांना नेमकी ती दुसरी भाजी आवडते. कुणी काही समजावलं नाही, बक्षीस दिलं नाही. चार दिवसांत त्या मुलाची निवड बदलू लागली आणि त्यानं नावडती भाजी घेतली. धाकट्या मुलांवर हा परिणाम अधिक दिसला. मोठ्यांनी तासभर समजावून जे होत नाही, ते शेजारी बसलेल्या सवंगड्यानं एक घास घेतल्यानं होतं.

हे घरी करता येत नाही. घरी एकटं मूल असतं, समोर दोन काळजीत पडलेली मोठी माणसं आणि मध्ये एक वाटी. पाळणाघरात आठ मुलांची पंगत आयतीच आहे. फक्त आठ मुलांसमोर आठ वेगळे डबे असले तर ती पंगत उरत नाही. एकाच पातेल्यातलं गरम जेवण आठही वाट्यांत वाढलं, काकू स्वतः त्यांच्यात बसून तेच जेवल्या आणि पहिला घास त्या चार वर्षांच्या ताईला घेऊ दिला जिला ते आधीपासून आवडतं, तर निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं काम धीराचं. नवा पदार्थ मुलानं एकदा थुंकला म्हणजे तो कायमचा नाकारला असं नसतं. दोन वर्षांच्या मुलांवरच्या अभ्यासांत, पदार्थ जितक्या वेळा चाखला गेला तितकी त्याची आवड वाढत गेली. त्याला आठ-दहा वेळाही लागतात, कधी जास्त. चाखणं म्हणजे वाटीभर खाणं नव्हे. जिभेवर एक चमचा पुरतो. बाकी पोटभर भात-वरण खुशाल खाऊ द्यावं.

अमेरिकेतल्याच एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मोठ्यांची आणि मुलांची कामं वाटून दिली आहेत: काय वाढायचं, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं ठरवावं. पाळणाघरासाठी याहून सुटसुटीत नियम मला माहीत नाही. यात काकूंना मेनू ठरवायचा पूर्ण अधिकार मिळतो आणि डबा संपवण्याचं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरतं.

आता स्वयंपाकघरात जाऊ, कारण खरं काम तिथे आहे. काकूंकडे दोन शेगड्या, एक मावशी, आणि दर पाच मिनिटांनी कुणाची तरी शी-शू. अशा वेळी दहा भाकऱ्या थापा असं सांगणं हे स्वयंपाक न करणाऱ्या माणसाचं बोलणं झालं. पाळणाघराला हवेत एका भांड्यातले, मऊ, चमच्यानं खाता येणारे पदार्थ. आपल्याकडे ते भरपूर आहेत, नवं काही शोधायला नको.

पहिल्या मानाच्या ज्वारीच्या कण्या. गिरणीतून ज्वारी जाडसर भरडून आणायची, चाळून पीठ बाजूला काढायचं, त्याची धिरडी होतात. कण्या रात्री भिजवायच्या, सकाळी मुगाची डाळ, हळद, जिरं, गाजर-दुधी घालून कुकरला चांगल्या मऊ शिजवायच्या. वरून तूप. ताकातल्या कण्या तर कित्येक घरांत आजारी माणसाचं अन्न होतं, इतक्या त्या पोटाला हलक्या. अख्खी ज्वारी शिजवायची असेल तर रात्रभर भिजणं हवंच, एरवी शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही दाणा दातांखाली कचकचतो आणि मूल तो ओळखून बाहेर काढतं. खानदेश-मराठवाड्यातली बाजरीची खिचडी, गव्हाच्या दलियाची खारी लापशी, सांगली-कोल्हापूरकडची खपली गव्हाची खीर हे याच जातीचे पदार्थ. खपली खीर गुळाची, म्हणून दोन वर्षांवरच्या मुलांसाठी आणि रोज नव्हे. दोन वर्षांच्या आत साखर-गूळ जितका लांब राहील तितकं बरं.

कोकणातून आणि गोव्यातून मुंबईत आलेल्या घरांना कोंडा राखलेला तांदूळ शिकवावा लागत नाही. लालसर उकड्या तांदळाची पेज, वर थोडं खोबरं आणि मीठ, ही सकाळी दहाच्या खाऊला बिस्किटापेक्षा कितीतरी सरस आहे. ती आता पाहुणचाराला किंवा गावच्या आठवणीला उरली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलं ती सुरुवातीला पातळ पितात, मग हळूहळू शितं खायला शिकतात.

नाचणीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आपल्याकडे बाळाला नाचणीचं सत्त्व देतात: नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून. यात दोन गोष्टी घडतात. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं, ते स्टार्चचे तुकडे करतं आणि पेज पातळ राहते; म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि छोट्या पोटात जास्त अन्न जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात हाच धागा धरून बाळांसाठी मोडाच्या पिठाचा उपयोग अभ्यासला. शिवाय भिजवल्यानं आणि मोड आणल्यानं लोह-कॅल्शियम अडवून धरणारं फायटेट कमी होतं. दुसरी गोष्ट मात्र उलटी आहे. वस्त्रगाळ करताना दाण्याचं साल जातं, आणि नाचणीचे तंतू नि पुष्कळसं कॅल्शियम त्या सालातच असतं. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला गाळलेलंच योग्य. पण वर्षा-सव्वा वर्षापुढे गाळणं थांबवावं आणि मोडाच्या नाचणीचं पूर्ण पीठ वापरावं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला सत्त्वच देत राहिलं तर नाचणीचा निम्मा लाभ फडक्यात राहतो. ताक घालून केलेली आंबील, नाचणीचे घावन, छोट्या झाऱ्याएवढी धिरडी ही मोठ्या मुलांची रूपं.

धाकट्यांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. वर्षाच्या बाळाचं पोट एका वेळी वाटी-सव्वा वाटीत भरतं. ती वाटी नुसत्या कोंड्याच्या अन्नानं भरली तर तंतू मिळतील, पण वाढीला लागणारी ऊर्जा कमी पडेल. म्हणून तूप किंवा शेंगदाण्याचं बारीक कूट सोबत असावं, आणि दिवसातलं एखादं जेवण साध्या वरण-भाताचं राहू द्यावं. तंतू वाढवताना पाणीही वाढवावं, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी कडक होतं. लिंबू, टोमॅटो, आवळा, पेरू यांतलं काही सोबत दिलं की त्यातल्या क जीवनसत्त्वानं धान्यातलं लोह जास्त अंगी लागतं. चहा मुलांना नकोच. मक्याच्या लाह्या आणि अख्खे दाणे घशात अडकण्याची भीती असते, ते चार वर्षांपर्यंत टाळावेत. भाजणीच्या थालीपिठात अनेक धान्यं-डाळी असतात, म्हणून कुणा मुलाला कशाची अॅलर्जी आहे हे आधी विचारावं.

बदल चढत्या क्रमानं करावा. आज पांढरा मऊ भात खाणाऱ्या मुलासमोर उद्या निव्वळ बाजरी ठेवली तर ते बावरेल. चार वाट्या तांदळात एक वाटी कण्या, आठवड्यानं दीड, मग दोन. पोळीच्या कणकेत थोडं ज्वारीचं पीठ. बाजरी थोडी-थोडीच दळावी. तिच्यात स्निग्धांश जास्त, पीठ आठवड्या-दहा दिवसांत कडवट होतं आणि त्या कडवटपणामुळे मुलं बाजरीलाच नाकं मुरडतात.

बाजारातल्या ‘नाचणी’, ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या बिस्किटांबद्दल थोडक्यात: पाकिटाच्या मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं आणि नाचणी शेवटाकडे असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. तपकिरी ब्रेडचंही तसंच, त्याचा रंग बऱ्याचदा कॅरमेलचा असतो.

त्यापेक्षा आपले सण कामाला येतात. दीप अमावास्येला कणकेचे किंवा बाजरीचे गोड दिवे, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. पाळणाघरात त्या दिवशी मुलांच्या हातात पिठाचा गोळा द्यावा. चार वर्षांचं मूल तळहाताएवढी वाकडी भाकरी थापतं आणि आपली भाकरी ते आपणहून खातं.

शेवटी पैशाचा आणि मानाचा प्रश्न. शहरातल्या अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरम आहारातल्या ऊर्जेचा आणि प्रथिनांचा मापदंड लिहिलेला आहे. तो किती पाळला जातो हा वेगळा विषय, पण लिहिलेला आहे. त्याच रस्त्यावरच्या घरगुती पाळणाघरातल्या मुलासाठी असं काहीच ठरलेलं नाही. तिथे जे ठरतं ते आई-वडील आणि काकू यांच्यात ठरतं. काकूंनी गरम, पूर्ण धान्याचं जेवण रांधायचं तर भिजवण्या-मोडाचं काम वाढतं, गॅस वाढतो, चांगली मालदांडी ज्वारी आज गव्हापेक्षा स्वस्त मिळत नाही. हे सगळं त्यांनी मायेपोटी, त्याच फीमध्ये करावं अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. मुलांना सांभाळणं हे कौशल्याचं काम आहे आणि त्यांना खायला शिकवणं हा त्यातला सगळ्यांत कठीण भाग.

म्हणून ज्यांची मुलं पाळणाघरात जातात त्या आई-वडिलांना माझी विनंती आहे. चार-पाच घरांनी मिळून काकूंशी बसून बोला. आठवड्यातले तीन दिवस डबे बंद करा आणि एकाच पातेल्यातलं जेवण ठरवा. त्याचे वेगळे पैसे आपणहून द्या, त्यांना मागायला लावू नका. संध्याकाळी किती खाल्लं हे विचारू नका, आज काय चाखलं ते विचारा. दिवाळीच्या सुमाराला नवी बाजरी आणि नवी नाचणी बाजारात येते. एक-एक किलो घ्या, निवडून स्वच्छ करा, अर्धी घरी ठेवा आणि अर्धी काकूंच्या हाती द्या.